उंची

बुधो गावस सांगायचा,
डोळ्यांचा रंग बघायचा नाही, उंची बघायची.
गुडघ्याशी असले तर सोड, असेल काहीबाही.
मांडीशी असले तर भेकर.
कमरेच्या वर असले तर मेरू,
आणि मग श्वास घेऊ नकोस.

चैत्र उतरणीला लागलेला.
धाव्याच्या वरच्या अंगाला, आमच्या भाटाच्या कडेला,
किंदळीच्या बुंध्याशी तिघे :
बुधो, सगुण,
आणि बापाची एकनळी मांडीवर घेतलेला मी.
परवाना डुकरांपासून पीक राखायचा.
पीक केव्हाच घरात आलेलं.

खाली म्हादई इतकी आटलेली
की तिचा आवाज नव्हता, नुसता ओला वास.
वर काजूंचा वास, पडून आंबलेल्या बोंडांचा,
आणि आमच्या तोंडाला हुर्राकाचा,
म्हणजे तोच.

सगुणला डुलकी लागली.
मग पाला वाजला. थांबला. वाजला.
बुधोनं माझ्या पाठीवर बोटानं काहीतरी लिहिलं,
हो की थांब, ते कळलं नाही.
मी कपाळावरची बॅटरी पेटवली.
दोन डोळे. मांडीशी.

बार झाला तेव्हा सगळं रान एकदा खाली बसलं.

आम्ही चढाकडे बघत होतो,
हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.
चढावरचा गुडघा खालून मांडीएवढा दिसतो.

कोल्हा.
म्हणजे आधी शेपूट दिसली, मग सगुणचं हसू ऐकू आलं,
"लोक सकाळी कोल्ह्याचं तोंड बघतात,
तू रात्रीच बघितलंस!
उद्या वाळपईला जाऊन लॉटरी घे."
मग म्हणाला, शिंग शोधा, शिंगाला पैसे देतात.
बुधोनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला,
शिंग शोधत असल्यासारखा,
आणि नाही सापडलं तरी फिरवत राहिला.

पारधीत वाटे ठरलेले असतात.
पहिला देवाचा. डोकं बार घालणाऱ्याचं.
कुत्र्याचासुद्धा एक.
ह्याचे वाटे कसे घालायचे, कुणालाच ठाऊक नव्हतं.

तोंडात बोंड होतं.
पिवळं, अर्धं चावलेलं. बी तशीच टोकाला.
रस हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळलेला,
भाटातून परतणाऱ्या पोरांचा असतो तसा.

आई पहाटे काजू वेचायला जायची
तेव्हा दगडांच्या आडोशाला तिला बिया सापडायच्या,
बोंड खाऊन स्वच्छ सोडलेल्या, मूठ-दोन मुठी.
"कोल्ह्याची मजुरी," म्हणायची,
आणि त्या वेगळ्या डब्यात ठेवायची.
त्या डब्यातून माझी चौथीतली कंपासपेटी आली.
मजुरी कुणाची आणि खातंय कोण,
हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

बुधोनं अंगठ्यानं बी पिळून वेगळी केली,
सवयीनं,
आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकली.
"तुझा वाटा."

पुरायला कुदळ नव्हती. पाला ओढला, दोन दगड ठेवले.
सगुणनं वर थोडा हुर्राक ओतला,
थट्टेनंच असेल.
पण बाटलीचं बूच त्याला लवकर बसवता येईना.

उतरताना, पार पलीकडच्या डोंगराला,
भेकर भुंकलं.
बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा.
कुणी थांबलं नाही.

घरी आई जागी होती.
काही लागलं का, म्हणाली. नाही म्हटलं.
सदरा हातात घेऊन दिव्याशी गेली,
खिशाखालचा डाग बघितला.
"काजूचा. हा काही जायचा नाही."
मग खिशातली बी काढली,
तिच्यावरच्या दातांच्या खुणांवरून नख फिरवलं,
माझ्याकडे बघितलं नाही,
आणि फळीवरचा तो वेगळा डबा
खाली घेतला.