मनोऱ्याच्या आतली सावली

नाथेला बाईंनी गृहपाठ दिला एका ओळीचा:
आपापल्या घरचा मनोरा मोजून आणा, वर न चढता.

स्वानेतीत आमच्या गावी जुन्या घराला मनोरा असतोच,
चौकोनी, दगडी, माथ्यावर दोन उतारांचं छप्पर.
आमचा किती उंच, कुणी कधी विचारलं नव्हतं.
बाबा म्हणायचे, वरून पडला तर माणूस मरेल, एवढा.

मीटरभराची काठी मी लेलाच्या हातात दिली.
काठी उभी, सावली आडवी, ऊन तिरपं:
हा एक त्रिकोण.
मनोरा उभा, सावली आडवी, ऊन तेच:
हा दुसरा.
दोन कोन जुळले की तिसऱ्याला विचारावंही लागत नाही.
एक कोकरू, एक मेंढा,
पण कळप एकच.

अडचण एवढीच
की ऑक्टोबरातल्या दुपारी आमच्या मनोऱ्याचं टोक
कुंपण ओलांडून
सोरेखानच्या बटाट्यांत पडायचं.

सोरेखानशी आमचं बोलणं नव्हतं.
कुरणाची हद्द, कुणीतरी कापून नेलेलं गवत,
सगळं मी जन्मायच्या आधीचं.
त्याच्या कुत्र्यालाही आम्ही नावानं हाक मारत नसू,
नाव माहीत असून.

जूनमध्ये सावली आखडते, आमच्याच अंगणात मावते.
पण गृहपाठ गुरुवारी दाखवायचा होता.

मी कुंपणावरून उडी मारली.
तो वाकलेला होता, सरळ झाला. एकेक मणका मोजत.
काय पाहिजे?
सावली, मी म्हणालो. आमची आहे.
त्यानं खाली पाहिलं.
छपराची कड त्याच्या अर्ध्या भरलेल्या पोत्यावर टेकली होती.
रोज येते, तो म्हणाला,
पंधरा वर्षं झाली. भाडं नाही घेतलं.

पलीकडून लेला ओरडली:
एक मीटर पंचवीस! लवकर कर, काठीची सरकतेय!
मोजपट्टी वीस मीटरची. पुरेना.
तेव्हा त्यानं पोतं बाजूला ओढलं
आणि बटाटे उकरायचा काटा
सावलीच्या शेंड्यावर खचकन रोवला.
इथे, तो म्हणाला. आता ती कुठेही जाऊ दे.

भिंतीपासून काट्यापर्यंत
एकदा वीस, मग साडेसात.
मोजपट्टीचं एक टोक त्यानं धरलं होतं, मातीच्या बोटांनी,
आणि कुंपणाच्या अलीकडे दुसरं, मी.
तळहातावर भागाकार केला:
बावीस.

चूक, तो म्हणाला.

भिंतीपासून मोजलंस ना?
टोक काय भिंतीवर आहे?
मी मान वर केली. छपराचा कणा मधोमध होता,
दोन भिंतींच्या बरोबर मध्ये, आभाळात.
त्याच्या खालचा बिंदू आत आहे, पोरा.
सावली तिथून निघते, अंधारातून.
भिंतीबाहेर येते तेव्हा कुठे तुला दिसते.
रुंदी पाच मीटर. अर्धी मिळव.

पाच मीटर.
त्यानं मोजली नव्हती.

तीस भागिले सव्वा. चोवीस.

वहीत दोन रकाने आखले, विधान आणि कारण.
विधानं भराभर लिहिली.
काटकोन आहे, कारण मनोरा जमिनीला लंब.
उन्हाचा कोन समान, कारण वेळ एकच.
पाया साडेसत्तावीस अधिक अडीच, कारण
इथे पेन थांबलं.
बाईंनी त्या रिकाम्या जागेभोवती
लाल गोल काढला, गुण मात्र कापला नाही.

रात्री बाबांना आकडा सांगितला.
चोवीस, त्यांनी पुन्हा म्हटलं, जणू कुणाचं वय.
मग बराच वेळ ते भाकर मोडत राहिले.
आत जाऊन मोजलंस?
नाही.
चुलीत लाकूड तडतडलं.
मान वर न करता त्यांनी विचारलं,
त्याचे बटाटे कसे आलेत यंदा?

मोजले नाहीत, मी म्हणालो.