वजा चार टक्के

सियागंजात, मुफद्दलशेठच्या दुकानापुढे,
गाडी जॅकवर एक पाय उचलून उभी होती,
नाल ठोकून घेणाऱ्या बैलासारखी, नजर भलतीकडे.
शाल्मलीचा दुसरा पगार. पहिला देवाला आणि आईला गेला.
'बाबा, लो प्रोफाइल. बघा तर खरं.'

एकशे पंचाऐंशी, पंचावन्न, चौदा.
टायरच्या गालावरचे आकडे मी बोटाने वाचले.
आधी होतं एकशे पंचाहत्तर, पासष्ट, चौदा.
रिम तीच, कंपनीतून आलेली, काळी, पोलादी.
'रिमही बदलू की,' ती म्हणाली,
मग किंमत ऐकून, 'दिवाळीला बघू.'

साबणाच्या पाण्यातला ब्रश कडेवरून फिरला.
पोऱ्याने पहार घालून जुनं रबर उपसलं,
नवं चढवलं, हवा सोडली:
फट्.
थोड्या वेळाने, दुसऱ्या अंगाने, फट्.
मग शिशाची चिमुकली वजनं काठावर ठोकली,
पंधरा ग्रॅम इथे, दहा तिथे,
आणि माझा हात उगाच खिशाकडे गेला
जिथे एकतीस वर्षं शिक्का असायचा.

नापतोल खात्यात होतो मी.
सराफ्यातले काटे, मल्हारगंजातली तेलाची मापं,
पंपावर पाच लिटरचा डबा धरून उन्हात उभा.
छावणीतल्या एका धान्यवाल्याच्या पारड्याखाली
चिंचेचा गोळा चिकटवलेला होता, मी नखाने काढला.
'साहेब, तोळाभर तर आहे,' त्याचा बाप म्हणाला.
तोळाभर म्हणजे तोळाभर, मी म्हणालो,
आणि पंचनामा लिहायला त्याच्याच गादीवर बसलो.

चाक लहान झालं. सरळ हिशेब आहे.
रबराची भिंत बारा मिलिमीटर उतरली,
वर-खाली धरून चोवीस,
म्हणजे दर फेरीला गाडी साडेसात सेंटीमीटर कमी चालते
आणि मीटरला हे कुणी कळवलेलं नाही.
तो फेऱ्या मोजतो. जमिनीशी त्याचं बोलणं नाही.
काटा साठावर टेकतो तेव्हा आम्ही साडेसत्तावन्नात.
देवासच्या मावसबहिणीचं फाटक
चौदा वर्षं एक्केचाळीसवर होतं,
परवा पावणेत्रेचाळीसवर लागलं.
तिला सांगितलं, तर दार उघडत म्हणाली,
'मी कुठे गेले नाही रे. चहा टाकू?'

पूर्वी खड्डा रबरातच विरायचा.
आता माकडहाडापर्यंत येऊन नाव-गाव सांगतो.
पाटनीपुऱ्याच्या गतिरोधकावर पोट घासलं,
मी अपराध्यासारखा आरशात पाहिलं.
चाकाच्या वर तीन बोटं जागा होती, चार मावतात.
बाजूने बघा, आखूड विजार घातलेला नवरदेव.
समोरचा राठौर मात्र गाडीभोवती फिरून म्हणाला,
'भिया, एकदम सेट दिख री है!'
शाल्मली आठवडाभर त्याच वाक्यावर जगली.

जुने चार सांवेरकडचा एकजण घेऊन गेला,
बैलगाडीसाठी. दोन आत्ता, दोन पुढे.
त्यांना आता किलोमीटर नाहीत. शेत, आणि घर.

रविवारी बायपासवर ती चालवत होती.
'बघा ना बाबा, ऐंशी! आवाज आहे का काही?'
सत्त्याहत्तरसुद्धा नव्हते.
माझ्या तोंडाशी आलेला आकडा
मी सुपारीसारखा गालात धरून ठेवला.
'नाही,' म्हणालो. 'काहीच आवाज नाही.'
चिंचेचा गोळा, बहुतेक, असाच चिकटवला जातो.

पेट्रोलच्या वहीत मी दोन रकाने आखले होते:
मीटरचं, आणि खरं.
तारखा रीतसर आहेत. मीटरचा रकाना भरलेला.
दुसऱ्यात तीन नोंदी, मग
एका जागी पेन टेकवल्याचा ठिपका.