ओळंबा

पोर्फिरिओ गवंडी, म्हणून ओळंबा त्याच्याकडे.
पितळेचा, बापाच्या हातचा, टोक जरा बोथटलेलं.
जमिनीवर तो भिंतीला विचारतो, सरळ आहेस ना?
इथे, दाउइनच्या किनाऱ्यासमोर, आठ मीटर खोल,
काहीच विचारत नाही. नुसता खाली सोडतो.
टोक ज्याला टेकेल
ते मी लिहिते.

मी दातांची डॉक्टर. दुमागेतेच्या बाजारामागे दवाखाना.
सोमवार ते शनिवार लोकांची तोंडं उघडी.
रविवारी माझं बंद, दातांत नळी,
आणि खाली हा भला मोठा जबडा,
ज्याला आ करा म्हणावं लागत नाही.

वर माणसं पांढऱ्यासाठी पैसे मोजतात.
डॉक्टर, अजून थोडे पांढरे करा, लग्न आहे.
खाली पांढरं दिसलं की पोटात गोळा येतो.
जूनपासून पाणी कोमट, चहा विसरल्यासारखं,
आणि शिंगांसारख्या फांद्यांची टोकं
पांढरी,
अगदी लग्नातल्यासारखी.

दोन लोखंडी खुंट्या, मध्ये फीत.
दर अर्ध्या मीटरला एक थांबा, असे एकशेसाठ.
पाटीवर रकाने: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, वाळू, खडक, चुरा.
आणि एक रकाना, 'अलीकडे मेलेलं'.
अलीकडे म्हणजे कधी, ते कागद विचारत नाही.
माझे पेशंटही म्हणतात, अलीकडेच दुखायला लागलं.
मी आरसा आत घालते, तर आत वर्षं.

गेल्या वर्षीची गोष्ट.
एकशेतेराव्या थांब्यावर ओळंबा मेलेल्यावर टेकला.
शेजारीच, करंगळीच्या नखाएवढ्या अंतरावर,
जिवंत, तपकिरी, गुबगुबीत.
मी 'जिवंत' लिहिलं.
पोर्फिरिओने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
पाण्याखाली कोणी काही बोलू शकत नाही,
ही पाण्याची सोय.
पण होडीत चढल्यावरही तो भातच खात राहिला.

आज पुन्हा एकशेतेरा.
प्रवाह ओढत होता, दोरी झुलत होती,
टोक मेल्यावरून जित्यावर, जित्यावरून मेल्यावर.
स्वतःचं शेवाळ राखणारा बोटभर काळा मासा
पोर्फिरिओच्या पेरांना धडका देत होता.
त्याने हात हलवला नाही.
खडकाला घासून अंगठा सोलला होता,
रक्त निघालं ते हिरवं,
खाली लाल रंग आधी विझतो.
हवेचा काटा साठावर.
टोक थांबलं.
मी मेलेलं ते मेलेलं लिहिलं,
आणि पेन्सिल हातातून सुटून
दोऱ्याला तरंगत राहिली.

वर आल्यावर मी सांगून टाकलं. गेल्या वर्षीचं एकशेतेरा, खोटं.
तो म्हणाला, पाहिलं होतं मी.
मग ओला टॉवेल पिळत, माझ्याकडे न बघता,
"एकशेचाळीसला माझाही हात हलला होता."
कुठल्या बाजूला?
"तुझ्याच."

सोमवारी कार्यालयात गेलो. मेरिलू म्हणाली,
असं कबूल करायला इथे कोणी येत नाही हो,
आणि लाल शाईने दोन खुणा केल्या.
एकशेसाठातले दोन. सव्वा टक्का.
गेल्या वर्षीचा प्रवाळ तेवढा कमी झाला,
आणि म्हणून
या वर्षीची घट सव्वा टक्क्याने कमी दिसू लागली.
आम्ही तिघं त्या आकड्याकडे बघत राहिलो.
मेरिलूने पंखा वाढवला.
हे बरं झालं की वाईट, कोणालाच ठरवता येईना.

बाहेर येऊन पोर्फिरिओने नळाखाली ओळंबा धुतला,
टोक अंगठ्याने पुसलं,
मीठ राहिलं तर पितळ हिरवं पडतं म्हणाला,
आणि घाईत गेला.
दुपारी त्याला शाळेची भिंत
तपासायची होती.