शाई कुठे लावायची

माझं आडनाव पगार, आणि मला मिळतं मानधन.
हा विनोद सातपूरमध्ये सगळ्यांचा करून झालाय,
तेव्हा तुम्ही नका करू.

सकाळी अंगणवाडी. पंचवीस पोरं, उसळ, वजनकाटा.
दुपारी दोननंतर मी बीएलओ:
खांद्याला पिशवी, पिशवीत नमुना सहा, सात, आठ,
आणि समोर श्रमिकनगरच्या गल्ल्या,
जिथे घरनंबर तीनदा बदललेत
आणि पत्ता म्हणजे "गिरणीमागं, निळ्या पिंपाजवळ".

सहा नंबर नव्या नावाला.
सात नंबर नाव काढायला, तो मी हळू आवाजात काढते.
शेवाळे आजींचा भरला तेव्हा सून म्हणाली,
"रेशनवरनं गेल्या, आता इथूनपण."
आठ नंबर घर बदललेल्यांना,
नाव चुकलेल्यांना,
आणि ज्यांच्या फोटोत भलताच कुणी बघतोय त्यांना.

येवाजी चौरे हा आठ नंबरचा माणूस.
सुरगाण्याकडून नाशिकला आल्याला चौदा वर्षं,
नाव अजून तिकडंच.
"राहू द्या ताई. मताला जातो मी गावाला."
"मागच्या वेळी गेला होता?"
"मागच्या वेळी डबल शिफ्ट होती."
"त्याच्या आधी?"
तो दाराच्या कडीशी खेळत राहिला.

मी म्हटलं, भाऊ, नळ इथला, गटार इथली तुंबते,
रोज इथल्या खड्ड्यातून सायकल काढता
आणि आमदार निवडणार तिकडचा?
हसला. मग म्हणाला,
"तिकडून नाव निघालं तर गाव म्हणंल, येवाजी मेला."

यासाठी नमुन्यात रकाना नाही.

फेऱ्या चार झाल्या.
पहिल्यांदा कुलूप.
दुसऱ्यांदा रात्रपाळी करून झोपलेला, उठवलं नाही.
तिसऱ्यांदा पत्त्याचा पुरावा: मालक भाडेकरार देईना,
लाइटबिलावर मालक,
शेवटी गॅसचं पुस्तक निघालं तांदळाच्या डब्यातून.
चौथ्यांदा सही.
तेव्हा त्यानं कागद डाव्या मनगटानं दाबून धरला
आणि मला हात दिसला.
तर्जनी नाही. शेजारचंही नाही.
"अंबडला. पॉवर प्रेस," एवढंच बोलला,
गाडी पंक्चर झाल्याचं सांगावं तसं.

त्याच्या पोरीला माझी गरज नव्हती.
सुगंधानं सहा नंबर मोबाइलवर आधीच भरलेला,
मला फक्त विचारलं, "एक जुलैला अठरा पूर्ण लागतात,
माझे बारा जुलैला होतात. अकरा दिवसांचं काय?"
म्हटलं, एक ऑक्टोबर धर. वर्षातून चारदा दार उघडतं.
"बरं झालं," म्हणाली, "कॉलेजचं एकदाच उघडतं."

मतदानाच्या दिवशी मनपा शाळा, खोली तीन.
दाराबाहेर माझं टेबल, यादी, वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड.
नऊच्या सुमारास आतली रांग थांबली.
शाईवाल्या बाई काडी उचलून बसलेल्या.
"डावी तर्जनी दाखवा."
"नाही."
"नाही म्हणजे?"
"कंपनीत राहिली."
मागून कुणीतरी ओरडलं, आमचंही बघा की,
केंद्राध्यक्ष पुस्तिका चाळू लागले, त्यांचा चष्मा सापडेना,
आणि सुगंधा म्हणाली, "डाव्या हाताचं दुसरं बोट चालतं. वाचलंय मी."

उरलेल्यांतलं मिळालं अनामिका.
यादीत नाव होतं, भाग, अनुक्रमांक, सगळं,
आणि शाई लागली ती
ज्याला नावच दिलं नाही कुणी, त्या बोटाला.

मग पुठ्ठ्याआड तो बराच वेळ होता.
एक लांब आवाज झाला.
सात सेकंद काचेत चिठ्ठी दिसते,
त्यानं पुरती सात बघितली असणार,
प्रेसवरचा माणूस, बटण दाबल्यावर हात लगेच मागे घेतो
पण नजर नाही.

मोबाइल दोघांनी पानवाल्याकडे ठेवलेले.
परतताना, शंभर मीटरच्या चुन्याच्या रेघेपलीकडे,
येवाजीनं हात उन्हात धरला, पोरीनं फोटो काढला.
"कुणाला?" मी लांबून खुणेनं विचारलं.
"गावाला," तो ओरडला. "चुलतभावाला. जित्ता हाय म्हणून."

माझ्या टेबलावर अजून अडीचशे चिठ्ठ्या होत्या,
आणि चहा आलाच नव्हता.