होल्डान

बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, आणि परत.
दिवसाला चार फेऱ्या,
आणि बाईनं जावं अशी जागा एकच,
बेळगावच्या स्टँडात, तीही कडी नसलेली.
म्हणून सकाळी घोटभरच प्यायचे.
मारुतीअण्णांच्या सीटमागं ठेवलेली बाटली
रात्री तशीच भरलेली घरी यायची.

कणकुंबीला मलप्रभेचा उगम.
लोक कुंडात हात घालून पाणी डोळ्यांना लावतात.
मी पायरीवर बसून हिशेब जुळवायचे.

आठवा लागला होता.
आधार बघत, मशीनमधून बायकांची शून्याची तिकिटं काढत,
पोट सांभाळत मागच्या दारापर्यंत.
"होल्डान!" म्हटलं की गाडी थांबते.
तेच मी ओटीपोटालाही म्हणायचे मनात:
होल्डान, अजून दोन स्टॉप.

मग थेंब थेंब जळायला लागलं.
सासूबाई म्हणाल्या, उन्हाळी लागली असंल,
धने भिजवून पी.
बाहेर माघाचं धुकं.
वाटीभर प्याले. जास्त कशी पिणार, ड्यूटी होती.

किणयेजवळ हुडहुडी भरली.
उजव्या बरगडीखाली कुणी पाना आवळावा तसं.
सिव्हिलातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
"उरी ऐतेन?"
दिवसभर कन्नडच बोलते मी पॅसेंजरांशी,
पण तापात मराठीच ऐकू आलं.
म्हटलं, उरी काही नाही बाई, खाली जळतंय.
त्या हसल्या नाहीत.
बाटलीतली लघवी उजेडात धरली, ताकाच्या निवळीसारखी,
आणि मोडक्या मराठीत म्हणाल्या,
"किती दिवस धरून ठेवलं?"
मी मोजायला लागले.
नोकरीला चार वर्षं झाली.

सलाईन, सुया. तरी तिसऱ्या रात्री कळा सुरू झाल्या.
कळांना कोण म्हणणार, होल्डान.

एक किलो सातशे. मुलगी.
काचेच्या पेटीत, नाकात नळी,
तळहात माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा, किंवा थोडा मोठा.
शांतव्वा सिस्टर वहीत लिहायची:
ताप, दूध, लघवी.
शेवटच्या रकान्यात पहिल्या दिवशी नुसती रेघ.
दुसऱ्या पहाटे तिनं वॉर्ड उठवला,
"माडितु! माडितु!"
दुपटं ओलं होतं.
कुणाला न विचारता, स्टॉप न बघता
केली होती पोरीनं.

मी तांब्या मागितला
आणि उभ्यानंच संपवला.

रजेच्या अर्जात खाली एक ओळ घातलीय:
कणकुंबीला एक दार पाहिजे, आतून कडीचं.
डेपोतून रजा मंजूर झाल्याचा कागद आला.
त्या ओळीचं अजून काही नाही.