डावीकडं लाल

पहिल्यांदा आणला तो फोकस.
मिरजेत, स्टेशनच्या बाजूला, दस्तगीरच्या दुकानात.
भर दुपारी त्यानं तो शटरवर मारून दाखवला:
"वहिनी, ह्यानं कृष्णेत दिवस उगवतोय बघा."
साडेनऊशे म्हणाला, साडेआठशेला दिला.

होडीच्या नाळेवर तारेनं आवळला.
त्या रात्री मीही गेले शिदूबरोबर,
हरिपूरच्या घाटावरून, वारणा येऊन मिळते तिथवर.
दिवस उगवला खरा,
पण दहा हातांचा.
पुढं पांढरी भिंत, धुक्याची आणि चिलटांची,
भिंतीपलीकडं नदी होती की नाही
कुणास ठाऊक.
चिलटं कानात, चिलटं चहाच्या टोपणात,
जाळ्याचे थर्माकोल वल्ह्याच्या टोकाशी
तरी दिसेनात.
शिदूनं बटण दाबलं
आणि आम्ही दोघंही आंधळी.
तेवढ्यात उजवीकडून गेली वाळूची बोट,
बिनदिव्याची, चोरून जाणारी.
ती दिसली नाही.
तिची लाट तेवढी आत आली
आणि माझ्या मांडीवर बसली.

बऱ्याच वेळानं शिदू बोलला,
"आपल्याला दिसायला कशाला पायजे दिवा?
नदी पाठ हाय की.
आपण दिसाय पायजे."

फोकस परत द्यायला गेले.
दस्तगीर रागावला नाही, चहा मागवला.
त्याचा चुलता कधीकाळी रत्नागिरीला ट्रॉलरवर होता.
त्यानं बिलाच्या मागं होडी काढली,
वरून दिसते तशी, वांग्याच्या फोडीसारखी,
आणि सांगितलं: डावीकडं लाल, उजवीकडं हिरवा,
मागं पांढरा.
डावं-उजवं होडीतल्याचं धरायचं, बघणाऱ्याचं नाही.

लाल निघाला एका मोडीतल्या स्कूटरचा.
हिरवा कुठंच मिळेना.
मग सरबताची हिरवी बाटली कापली
आणि पांढऱ्या बल्बावर टोपडं घातलं.
दोघांच्या मधे तेलाच्या डब्याचा पत्रा,
म्हणजे हा त्याच्या बाजूला डोकावत नाही.
पांढरा पाठीमागं, डोळ्यात जाणार नाही असा.
टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन, दुहेरी, रबर लावून.
भाकरीएवढा उजेड पडतो.
गाठ सोडवायला तेवढा पुरे.

ते जिलेटिन मात्र शिदू अधूनमधून काढतो.
काठानं टॉर्च फिरवतो,
आणि गवताच्या खाली, पाण्यालगत,
दोन निखारे पेटतात.
कधी चार.
मी म्हणते, नको मारूस उजेड, मगर आपली आपण पडलीय.
तो म्हणतो, पडलीय ते कळाय नको?
मी म्हणते, कळून काय करणार, तिला हॉर्न देणार?
यावर आमचं अजून जमलेलं नाही.

आता मी जात नाही. गुडघा धरतो.
मागल्या दारात बसलं की पाणी दिसतं
आणि पाण्यावर तो, जेवढा बांधून दिलाय तेवढा.
नुसता पांढरा: पाठ करून चाललाय.
नुसता हिरवा, नुसता लाल: आडवा,
अंकलीच्या पुलाकडं नाहीतर तिकडून.
लाल आणि हिरवा दोन्ही एकदम:
नाळ माझ्याकडं आहे.
तेव्हा मी चूल पेटवते, पीठ घेते.
त्याला ठाऊक नाही हे. त्याला वाटतं
भाकरी नेहमीच गरम असते.

मघाशी दोन्ही होते.
आता नुसता लाल.
वळला असेल. एखादं जाळं राहिलं असेल उचलायचं.
किंवा हिरव्याची वायर, मीच गुंडाळलेली,
त्या टेपचा डिंक कधीच सुटलाय.
इंजिनाचा आवाज येतोय. की तो पुलावरचा ट्रक.

तवा तापलाय.
हात पिठात, डोळे बाहेर.
पहिली टाकते.