तिसऱ्या मोज्यातली

नोव्हेंबर. साडेचारलाच खाडीवर काळोख.
किल्डोरनच्या गावहॉलमधला हीटर नाण्यांवर चालतो,
म्हणून आधी नाणी गोळा केली, मग ग्लास मांडले.

चार बाटल्या, चारही लोकरीच्या मोज्यांत गळ्यापर्यंत.
मोजे ज्याने त्याने घरून आणलेले.
तिसरा हिरवा, टाचेशी रफू केलेला, डोलिनाकडचा,
बाईच्या पायाला फार मोठा.
आत काय आहे ते एकट्या टॉर्किलला ठाऊक,
आणि टॉर्किल शाळेची बस चालवतो;
ऐकलेलं पोटात ठेवायची त्याला सवय आहे.

मी गुण लिहून घेणारा.
चाखायला बंदी नाही, अक्षर लागलं म्हणजे झालं.

पहिलीत धूर होता. धुराला लोक वचकतात,
आठाखाली कोणी उतरलं नाही.
दुसरी इतकी गोड की इशबेल म्हणाली,
घरच्या माणसांशी कोण इतकं गोड बोलतं?

मग तिसरी.
रंग फिका, जवाच्या वाळल्या काडीचा.
ग्लास कलता केला तर थेंब भराभर खाली,
जणू घरी कोणी वाट बघतंय.
नाकाला आधी काहीच नाही.
म्हणजे हॉलचं वार्निश आलं, मर्डोचा ओला कोट आला.
मग जरा थांबल्यावर डब्यातल्या नाशपातीचा पाक,
नुकती विझवलेली मेणबत्ती,
आणि मागे कुठेतरी मीठ,
चवीला घातलेलं नव्हे,
खिडकीच्या काचेवर आपोआप बसतं ते.

घोट. जीभ म्हणाली, एवढंच?
घसा म्हणाला, थांब.
थेंबभर पाणी घातलं तेव्हा आल्याचं बिस्किट निघालं,
मिनिटभर बसलं, गेलं.
रेंगाळली नाही ही बाई.
जाताना दार मात्र नीट लावून गेली.

लॉकलन, बँकेतून निवृत्त, म्हणाला,
"पातळ आहे. कोवळी आहे.
पिंपात अजून चार वर्षं निजायला हवी होती."
"मलाही हवं होतं," मर्डो म्हणाला.
हसण्यात हीटर बंद पडलेला कळलाच नाही.

डोलिना डोळे उघडे ठेवून चाखते.
मिटणाऱ्यांवर तिचा विश्वास नाही.
दुसरा घोट घेतला, पहिल्याची खात्री करायला.
"सहा."
दहापैकी सहा. मी लिहिलं.

टॉर्किलने मोजे उतरवले.
पहिली बेटावरची, पंचाण्णव पौंड, लाकडी पेटीसकट.
दुसरी, चौथी जाऊ द्या.
तिसरी आर्डनाकॉय, दहा वर्षांची,
सुपरमार्केटात कुत्र्यांच्या खाण्याच्या पुढच्या रांगेत,
एकोणतीस पौंड.

आर्डनाकॉय म्हणजे खाडीपलीकडचा तो दिवा.
तिथल्या चार नंबरच्या गोदामात
डोलिनाच्या फिनलेने एकतीस वर्षं पिंपं ढकलली.
पाठ तिथेच ठेवून आला.
हॉलमध्ये सगळे मनातल्या मनात वजाबाकी करू लागले,
लॉकलन तर बोटांवर:
ही त्याच्याच हातची रास. शेवटच्या हिवाळ्यातली.

मी पेन उचललं.
"डोलिना, आठ करू?"
सुटलेल्या टाक्याकडे बघावं
तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

"फिनलेने साडेपाच दिले असते.
ही बुधवारची आहे, म्हणायचा.
मेंढरं आत घेतलीत, चूल पेटलीय,
कोणी मेलं नाही, कोणाचं लग्न नाही.
बुधवारला कोण दहा देतं?"

मग हात पुढे केला.
"उरलेली इकडे दे. मोज्यासकट.
मोजा माझा आहे."

कोटाखाली धरून ती निघाली तेव्हा
हिरवी टाच बाहेर डोकावत होती.

गुणपत्रकावर सहाच राहिले.
माझे सात होते.
मला कोणी विचारलं नव्हतं.